शुक्रवार पेठेतलं घर: पाडायचं, विकायचं, की आधी कोरडं करायचं?

कोल्हापूरच्या एका वाचक ताईंच्या पत्राचा सारांश, ओळख पटेल असे तपशील वगळून:

शुक्रवार पेठेत सासऱ्यांचं जुनं घर आहे. खाली सोपा (पुढची बसाउठायची खोली), माजघर, स्वयंपाकघर, मागे परडं आणि वर लाकडी माडी. जोतं काळ्या दगडाचं, पुढच्या भिंती विटेच्या, मागची भेंड्यांची, म्हणजे कच्च्या मातीच्या विटांची. २०१९ च्या पुरात घरात कमरेइतकं पाणी होतं, २०२१ ला त्याहून थोडं जास्त. त्यानंतर घर सोडलं. आता आर. के. नगरला भाड्याने राहतात. मागची भिंत बाहेर झुकली आहे, कौलं गळतात, सोप्यात पोपडे सुटलेत. पती शिरोलीच्या फौंड्रीत आहेत, ताई शिकवण्या घेतात. साठलेले पैसे साडेआठ लाख. एक कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, "पाडा, तीस लाखांत दोन मजली स्लॅबचं देतो." दुसरा म्हणतो, "सात लाखांत पत्रा, सिमेंट प्लास्टर, पीओपी, टाइल्स. घर ओळखू येणार नाही." पतींना दुसरं पटलंय आणि गुढीपाडव्याला गृहप्रवेश करायचाय. पुण्याचे दीर म्हणतात विकून टाका. चौऱ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई रोज विचारतात, घरी कधी जायचं? "एकदाच काय ते करून टाकू, परत परत गवंडी नको. पण साडेआठ लाखांत हे घर नवीन होईल का?"

ताई,

"एकदाच काय ते करून टाकू" हे वाक्य तुमच्या पत्रात दोनदा आलंय. एकदा ते यजमानांचं आहे, एकदा तुमचं. त्यामागचा थकवा मला समजतो. दोन पुरांत घर धुऊन काढलंय, वर्षानुवर्षं भाडं भरलंय, आणि आता हा विषय संपावा असं वाटतंय. पण मला वाटतं, तुमची खरी अडचण पैशांपेक्षा या वाक्यात जास्त आहे. जुनं घर एका झटक्यात नवीन करायला निघालं की दिसणाऱ्या गोष्टींवर पैसा आधी जातो. जिथे घर आजारी आहे तिथे पोहोचेपर्यंत हात रिकामे होतात. म्हणून "साडेआठ लाखांत घर नवीन होईल का" हा प्रश्न थोडे दिवस बाजूला ठेवू. त्याऐवजी विचारू, साडेआठ लाखांत हे घर कोरडं होईल का? माझ्या मते होईल.

पाडण्याचा विचार आधी संपवते. तीस लाख तुमच्याकडे नाहीत, हे एक कारण. पण ते असते तरी मी थांबवलं असतं. पेठेतल्या घरांच्या भिंती सामाईक असतात. तुमचं घर काढलं की शेजारच्या भिंतीचा आधार जातो, आणि तिला टेकू देण्यापासून ती नीट करून देण्यापर्यंतचा खर्च तुमच्यावर येतो. नवीन बांधकामाला आजचे नियम लागतात. रस्त्याची रेषा, सोडायची जागा हे सगळं अरुंद प्लॉटमधून वजा होतं. आणि पूररेषा आहेतच. सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. निळ्या रेषेच्या आत नवीन बांधकामाला कडक बंधनं आहेत, दोन्ही रेषांच्या मध्ये जोतं उंच घ्यावं लागतं. तुमचं घर नेमकं कुठे येतं हे महापालिकेच्या नगररचना विभागात नकाशावर बघून घेतल्याशिवाय "पाडा" म्हणणाऱ्याचं ऐकू नका. पाडून बसलात आणि परवानगी अडकली तर ना जुनं घर राहील ना नवं.

विकण्याचा सल्ला मात्र मी झटकून टाकणार नाही, दिरांचा राग मानू नका. पंचगंगा पुन्हा येणार आहे. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी मानतात. २०१९ ला आणि २०२१ ला पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं होतं. कितीही चांगली दुरुस्ती केली तरी ते पाणी दारातून आत यायचं थांबणार नाही. तेव्हा तुम्हा दोघांनी एकमेकांना एक प्रश्न प्रामाणिकपणे विचारायला हवा: काही वर्षांतून एकदा तळमजला रिकामा करून आठ-दहा दिवस बाहेर राहणं आणि परत येऊन चिखल काढणं आपल्याला झेपेल का? सासूबाईंचं वय धरून, मुलांच्या परीक्षा धरून उत्तर द्या. उत्तर "नाही" असेल तर विकणं शहाणपणाचं आहे आणि त्यात कसलीही हार नाही. "हो" असेल तर पुढचं वाचा.

पण विका किंवा राहा, एक दुरुस्ती आधी करावीच लागेल आणि तिला गवंडी लागत नाही. तुम्ही लिहिलंय, प्रॉपर्टी कार्डावर अजून सासऱ्यांचंच नाव आहे आणि "घर आपलंच आहे, कोण काय म्हणतंय?" असं यजमान म्हणतात. ताई, ते घर आज सासूबाईंचं, दिरांचं, नणंदेचं आणि तुमच्या यजमानांचं मिळून आहे. नणंदेचं लग्न झालं म्हणून तिचा हिस्सा जात नाही. नगर भूमापन कार्यालयात वारस नोंद करून घ्या. दीर आणि नणंद हक्क सोडायला तयार असतील तर हक्कसोडपत्र नोंदणीकृतच हवं. नुसतं बाँडवर लिहून सही घेण्याला अर्थ नाही. तयार नसतील तरी नाती तोडायची गरज नाही. तुम्ही घरात किती पैसे घालताय, पुढे वाटणी झाली तर ते कसे धरायचे, हे चौघांनी कागदावर लिहून सह्या करा. साडेआठ लाख घातल्यावर हे बोलणं फार कडू होतं, त्याआधी ते साधं असतं. घरफाळ्याची थकबाकी असेल तर तीही याच वेळी बघा. पुढे बँकेकडे जायची वेळ आली तर पहिल्यांदा हेच कागद मागतील.

आता त्या सात लाखांच्या कॉन्ट्रॅक्टबद्दल. इथे मी स्पष्टच बोलणार आहे, कारण पूर आलेल्या गल्ल्यांमध्ये हीच चूक घरोघरी होते.

तुमच्या भिंती माती आणि विटेच्या आहेत. अशी भिंत जमिनीतून ओल वर ओढते आणि दोन्ही अंगांनी ती हवेत सोडते. ओल साधारण कमरेपर्यंत चढते, वाळते, पुन्हा चढते. तिच्यावर सिमेंटचं प्लास्टर चढवणं म्हणजे ओली कापडं प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबून गाठ मारणं. ओल बाहेर पडायला जागा उरत नाही. मग ती सिमेंटच्या वरपर्यंत चढते, नाहीतर आतल्या मातीचं पीठ करते. पाण्याबरोबर आलेले क्षार पृष्ठभागावर फुलतात, त्यालाच आपण लोणा लागला म्हणतो. तुमच्या सोप्यातले पोपडे पुरामुळेच आलेत असं तुम्ही धरलंय. पण २०१९ नंतर "पक्कं व्हावं म्हणून" तिथे सिमेंट मारलं होतं, असं तुम्हीच पुढे लिहिलंय. पूर काही दिवसांत ओसरला. पाणी आत कोंडून ठेवलं ते त्या प्लास्टरने.

त्यामुळे सोप्यातलं सिमेंट कमरेच्या वरपर्यंत काढून टाका आणि भिंत उघडी ठेवा. वाळायला महिने लागतात, एक उन्हाळा तरी द्याच. मग चुन्याचं प्लास्टर. चुना विझवून किमान पंधरा दिवस पाण्याखाली मुरू द्यायचा, एकाला तीन या मापाने धुतलेली वाळू, आणि लावल्यावर घाईने सुकू न देता पाणी मारत राहायचं. चुन्याचं काम जाणणारे गवंडी कमी उरलेत, पण जुने वाडे आणि देवळं दुरुस्त करणाऱ्यांकडे चौकशी केलीत तर सापडतील. रंगही चुन्याचाच द्या. ऑइलपेंट किंवा प्लॅस्टिक पेंट दिलात की पुन्हा तेच झाकण बसतं.

पीओपीच्या छताला माझा ठाम विरोध आहे. त्याच्यावर कौलाची गळती, वाळवी, उंदीर काहीही चालू असलं तरी खालून दिसत नाही, आणि दिसतं तेव्हा वासे गेलेले असतात. जुन्या घराचं छप्पर आढ्यापर्यंत डोळ्यांना दिसत राहिलं पाहिजे.

पैसा पाण्याच्या मागे जाऊ द्या. घरात पाणी किती ठिकाणांहून येतंय ते शोधा. वरून, म्हणजे कौलांतून आणि भिंतीला टेकलेल्या पन्हाळीच्या सांध्यातून. खालून, म्हणजे परड्यातून: मागच्या बाजूची जमीन वर्षानुवर्षं भर पडून जोत्याच्या बरोबरीने आली असेल तर पावसाचं पाणी भिंतीतच जिरतं. तुमची मागची भिंत झुकण्याचं कारण बहुतेक तेच असावं. आणि बाजूने: सामाईक भिंतीच्या पलीकडे शेजाऱ्यांची न्हाणी असेल, तर तिची गळती तुमच्या माजघरात येते. त्यासाठी शेजाऱ्यांशी गोडीने बोलावं लागतं, प्लास्टर करून ती थांबत नाही.

छपरासाठी सगळी कौलं टाकून पत्रा घालू नका. पत्रा स्वस्त पडतो हे खरं. पण एप्रिलमध्ये त्याखालच्या माडीवर बसवत नाही, आणि पूर आल्यावर तुमचा आसरा तीच माडी असणार आहे. कौलं उतरवून चांगली-फुटकी वेगळी केली की निम्म्याहून जास्त परत वापरता येतात. मंगलोरी कौलं एका चौरस मीटरला साधारण पंधरा लागतात, त्यावरून कमी पडणारी मोजता येतील. जुनी कौलं आणि जुनं सागवान पाडलेल्या घरांतून मिळतं. नवीन लाकूड घेण्याआधी तिथे बघा. कौलं उतरलेली असताना सुताराकडून प्रत्येक वासा, तुळई हातोडीच्या दांड्याने वाजवून घ्या. पोकळ आवाज आला तिथे पेचकस खुपसून बघा. वासा सहसा भिंतीत शिरतो त्या टोकालाच कुजतो. तेवढं टोक कापून नवीन तुकडा सांधता येतो, अख्खा वासा बदलायची गरज नसते. वाळवीचं औषधही याच वेळी मारून घ्या, पुन्हा इतकं उघडं छप्पर मिळणार नाही.

मागची भेंड्यांची भिंत मात्र वाचवायच्या भानगडीत पडू नका. दोनदा पाण्यात बसून झुकलेली मातीची भिंत भरवशाची नाही. पण ती गवंड्याच्या अंदाजाने काढायची नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरला एकदा घर दाखवा, त्याची फी हा या सगळ्यातला सर्वांत सत्कारणी लागणारा पैसा आहे. छपराचा भार टेकूंवर घेऊन, भिंत टप्प्याटप्प्याने काढून विटेत बांधायची. प्लास्टर, फरशी, कौलं बदलणं अशा किरकोळ दुरुस्तीला सहसा परवानगी लागत नाही, पण भिंत नवीन बांधण्याआधी नगररचना विभागात विचारून घ्या. तोपर्यंत सासूबाईंना "सहज घर बघून येऊ" म्हणूनही त्या मागच्या खोलीत नेऊ नका. बाकी भिंतींच्या तड्यांवर सिमेंटची एकेक आडवी पट्टी लावून तारीख लिहून ठेवा. पट्टी तडकली तर भिंत अजून हलतेय. नाही तडकली तर तडा जुना आहे, भरून घेता येईल.

यावरून तुमच्या लक्षात आलंच असेल की पाडव्याचा गृहप्रवेश मी मागे घ्यायला सांगणार आहे. दोन-अडीच महिन्यांत जे होईल ते रंगरंगोटीचं होईल. त्याऐवजी मे संपेपर्यंत छप्पर, मागची भिंत आणि परड्याचा निचरा एवढंच करा: परड्यातली माती जोत्याच्या खाली उतरवायची, भिंतीपासून बाहेर उतार द्यायचा, गटार मोकळं करायचं. मग घराला एक पावसाळा बघू द्या. जून ते सप्टेंबर दर आठ दिवसांनी चक्कर मारा, ओल दिसेल तिथे खडूने रेघ आणि तारीख. कोल्हापूरचा पाऊस जे दाखवेल ते कुठलाही कॉन्ट्रॅक्टर उन्हाळ्यात दाखवू शकत नाही. दसऱ्यानंतर प्लास्टर, फरशी, ओटा. भाडं आणखी काही महिने भरावं लागेल हे मला कळतं. पण ओल्या भिंतीवर केलेलं काम दोन वर्षांत खरवडून काढावं लागतं, आणि त्याचा खर्च त्या भाड्यापेक्षा कितीतरी जास्त असतो.

पैशांची ढोबळ मांडणी मी अशी करेन. दीड लाख बाजूला, हात न लावता. इंजिनिअरची फी यातूनच द्या, आणि उघडल्यावर जे निघेल त्यासाठी उरलेले. जुन्या घरात काहीतरी निघतंच. सव्वातीन लाख छप्पर, भिंत, निचरा. एक लाख वायरिंग. सव्वा लाख संडास-बाथरूम. उरलेले दीड लाख प्लास्टर, फरशी आणि ओट्याला. तुमच्याकडे दर येतील तसे आकडे हलतील, क्रम मात्र हलवू नका. सोनं गहाण ठेवायचा विचार तुम्ही शेवटी लिहिलाय. टाइल्स आणि फर्निचरसाठी तर मुळीच नको.

वायरिंग आणि तळमजला पुराचा विचार करूनच करायचा. २०२१ च्या पाण्याची खूण भिंतीवर अजून असेल, ती पुसू देऊ नका. सगळे बोर्ड त्या खुणेच्या वर, वायर वरून खाली आणायची, तळमजल्याचं सर्किट वेगळं ठेवायचं म्हणजे खालची वीज बंद करून माडीवर दिवा चालू ठेवता येईल. नवीन अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी (करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच) लावाच, ओल्या भिंतींच्या घरात यावर काटकसर करायची नाही. मीटर खाली असेल तर वर घेण्यासाठी महावितरणकडे अर्ज करा. संडासाच्या बाहेर जाणाऱ्या पाइपला नॉन रिटर्न व्हॉल्व्ह बसवा. पुरात मैला उलटा घरात येतो तो तिथूनच. खाली प्लायवूडच्या ट्रॉल्या नकोत. कडप्प्याचा ओटा, कडप्प्याचेच कप्पे, शहाबादी फरशी. पाणी ओसरलं की धुतलं आणि वापरलं. धान्य, कागदपत्रं, गाद्या, कपाटं कायमची माडीवर. जिना रुंद आणि भक्कम हवा. पाणी चढत असताना रात्री सामान वर न्यायची वेळ येते तेव्हा त्याचं मोल कळतं.

लॉरी बेकर हे जन्माने इंग्रज वास्तुशिल्पी केरळमध्ये अनेक वर्षं कमी खर्चाची घरं बांधत राहिले. अनावश्यक प्लास्टर टाळायचं आणि पाडलेल्या घराचं सामान परत वापरायचं, या त्यांच्या सवयी आपल्या पेठेतल्या घरांना तंतोतंत लागू पडतात. माडीच्या विटा चांगल्या असतील तर त्या उघड्याच राहू द्या. पाहुणे काय म्हणतील ही यजमानांची काळजी मला पत्रात जाणवली. भावाचा पुण्यात फ्लॅट आहे आणि आपण मोडक्या घरात जातोय, असं त्यांना वाटत असावं. त्यावर वाद घालू नका. कौलं उतरतील त्या दिवशी त्यांना रजा काढायला सांगा, सुताराबरोबर वर चढू द्या. फौंड्रीत काम करणाऱ्या माणसाला चांगलं लाकूड आणि चांगला सांधा ओळखायला वेळ लागत नाही.

कामाचं म्हणाल तर सगळं घर एकाला उक्तं देऊ नका. जुनं उघडण्याचं काम रोजंदारीवर, तुमच्यापैकी कुणीतरी समोर असताना. प्लास्टर, फरशी अशी मोजता येणारी कामं ब्रासच्या (शंभर चौरस फुटांच्या) दराने, दर आधी कागदावर. सामान स्वतः आणा. दहा टक्के पैसे एक पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवायचे, हे पहिल्याच दिवशी सांगा; ज्याला ते चालत नाही त्याला छपराचं काम देऊ नका. तुमच्या गल्लीत टेम्पो आत येत नसेल तर राडारोडा वाहून नेण्याचा खर्च वेगळा विचारा, तो कुणी आपणहून सांगत नाही. भिंती आणि फरशी बंद होण्याआधी पाइप आणि वायरींचे फोटो काढा.

राहता राहिल्या सासूबाई. त्या "घरी कधी जायचं" विचारतात तेव्हा त्यांना पूर्ण झालेलं घर हवंय असं तुम्ही धरून चालला आहात. त्यांना एकदा नीट बसून विचारा, घरातलं नेमकं काय हवंय. कदाचित सोप्यात बसून गल्लीतल्या बायकांशी बोलणं असेल, कदाचित रोज सकाळी अंबाबाईला चालत जाता येणं असेल. उत्तर काय येईल त्यावर तुमचा क्रम थोडा बदलेल. सोपाच हवा असेल तर सोप्याची भिंत आधी मोकळी करा आणि त्याच बाजूला त्यांच्यासाठी कमोड, धरायला दांडी आणि न घसरणारी फरशी असलेलं बाथरूम काढा. त्यांना जिना चढायला लावू नका. पण पुराच्या दिवसांत त्यांनी कुठे राहायचं हे मात्र आजच ठरवा. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांना लागलं की त्यांची पिशवी भरायची, औषधांसकट, आणि नणंदेकडे किंवा दिरांकडे पोहोचवायचं. हक्कसोडपत्राचं बोलणं काढाल त्याच बैठकीत हेही त्या दोघांकडून कबूल करून घ्या.